आभार मानतील प्रा. वाबळे

हर्षलने नारळ फेकला नाही. हातात घट्ट धरून मारला. सत्काराच्या तबकातून त्याने तो उचलला तेव्हा त्याची शेंडी राखलेली होती आणि वर हळदीकुंकवाची बोटे होती. नूरमहंमद पिंजाऱ्याने लेकीच्या डोक्यावर आपला उजवा हात आडवा धरला होता. नारळ मनगटावर बसला. उभा जन्म ज्या हाताने कापूस पिंजला, त्या हाताचा आवाज मात्र वाळली तुराटी मोडल्यासारखा आला, आणि ध्वनिक्षेपक चालू असल्यामुळे तो सांस्कृतिक सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

"मला मारा रं, मला मारा!" म्हातारा ओरडला. "तिला हात नगा लावू. लेक हाय ती माजी!"

"मंग लेकीला बोलायचं शिकवायचं हुतं ना!" समर्थने मागून त्याच्या कमरेत लाथ घातली. म्हातारा गुडघ्यांवर आला. खांद्यावरची सत्काराची शाल घसरून कोणाच्या तरी बुटाखाली गेली.

प्रा. सहादेव वाबळे दोघांच्या मधे शिरले. "समर्थ! अरे, काय करतोस हे?" एवढेच त्यांना म्हणता आले. कोणाचे तरी कोपर तोंडावर बसले, चष्मा गेला, आणि ते टेबलाच्या पायाशी जाऊन आदळले. या समर्थला मागच्या वर्षी वक्तृत्वाची ढाल मिळाली होती. भाषण वाबळ्यांनीच बसवून घेतले होते. विषय होता, सहिष्णुता.

महाविद्यालय खर्ड्याच्या अलीकडचे. सभोवतालच्या समाजाची शैक्षणिक व सांस्कृतिक सेवा हे त्याचे ब्रीद प्रवेशद्वाराच्या कमानीवर सोनेरी अक्षरांत आहे. वाचायला मान बरीच वर करावी लागते. मूल्यांकन समिती येणार असे कळल्यापासून या सेवेला वेग आला होता. 'महाविद्यालय समाजाच्या दारी' ही व्याख्यानमाला त्यातलीच. समाजाला प्रत्यक्षात महाविद्यालयाच्या दारी ट्रॅक्टरमध्ये बसवून आणण्यात येई, हा भाग वेगळा.

वाबळे मराठी शिकवत. विभागप्रमुख ते कधी झाले नाहीत. पुस्तक लिहायचे होते, तेही राहिले. पण प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी वर्षानुवर्षे एक ओळ कायम छापली जाई: 'आभार मानतील, प्रा. वाबळे'. मंत्र्यांपासून मांडववाल्यापर्यंत कोणीही त्यांच्या तोंडून सुटत नसे. एकदा भाषणाच्या ऐन मध्यात गेलेली वीज परत आली, तर त्यांनी विजेचेही आभार मानले होते. विद्वत्तेने जे दिले नाही ते त्यांना आभारांनी दिले. बाजारात भाजीवाल्या त्यांना 'आभारवालं सर' म्हणत, आणि ते ओशाळून हसत.

आजच्या व्याख्यात्या डॉ. रुमाना पिंजारी याच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी. आता पुण्यात इतिहास शिकवणाऱ्या. त्यांना बोलवावे हा आग्रह वाबळ्यांचा. नूरमहंमदचा सत्कार करावा हाही. "सर, आमाला कशाला स्टेजवर?" म्हणत म्हातारा दोन दिवस टाळत होता. शेवटी ईदचा सदरा घालून आला.

रुमानाने कोणतेही गुपित फोडले नव्हते. चैत्रातल्या जत्रेत देवीचा मुखवटा पालखीत ज्या गादीवर बसतो, ती गादी पिंजाऱ्याच्या घरून येते, आणि पालखी निघताना आधी त्या दारापाशी थांबते, इतकेच ती म्हणाली. अलीकडे रस्तारुंदीचे निमित्त काढून पालखीची वाट बदलली होती. त्यामुळे पोरांनी ते थांबणे पाहिलेले नव्हते. सभागृहातल्या प्रत्येक पिकल्या डोक्याने पाहिले होते.

"देवीला मुसलमानाची गादी?" महाविद्यालयाचा सांस्कृतिक प्रतिनिधी आणि संस्थेच्या सचिवांचा पुतण्या हर्षल पहिल्या रांगेतून उठला होता. "काय पुरावा हाय, मॅडम?"

"पुरावा तुमच्या मागेच बसलाय, दादा," रुमाना हसून म्हणाली होती. "तुमच्या आजोबांनाच विचारा."

आजोबांना कोणी विचारले नाही. आजोबा मांडीवरची टोपी नीट करू लागले. त्या रांगेत एकच जीव बोलला. रंगुबाई, काठी टेकत उठून. "आरं मुडद्या, तुज्या ह्याच आज्यानं डोक्यावर घिऊन आणलीया गादी ह्या नूरमहंमदच्या घरून! मी ववाळलं हुतं दोगांना! खोटं बोलती व्हय रं पोरगी?" तिला कोणीतरी फक्त ढकलले. म्हातारी खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये अशी पडली, की तिची काठी तेवढी वर दिसत राहिली. त्यानंतर खुर्च्या उडाल्या. खुर्चीच्या पाठीवर देणगीदारांची नावे होती. रुमानाच्या कपाळावर जी फुटली ती कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ होती.

स्वयंसेवकांनी दारे आतून लावून घेतली होती. बाहेर बभ्रा नको. कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण चालू होते, म्हणून सचिव आबासाहेबांनी बोटाने खूण करताच कॅमेरा बाजूला वळवण्यात आला होता. लोकांची डोकी फुटत असताना पुण्यामुंबईतले माजी विद्यार्थी सरस्वतीची तसबीर पाहत होते. आवाज तेवढा जात होता. पण आवाजावरून कोणाला ओळखायचे?

पुरेसे झाले असे वाटल्यावर आबासाहेबांनी उंच पाठीच्या खुर्चीतून हात वर केला. पोरे थांबली आणि व्यासपीठावरून खाली उतरली. त्या हाताची किंमत तेव्हा सगळ्यांना कळली, आणि तो आधी का उठला नव्हता हेही.

मग त्यांनी वाबळ्यांना जवळ बोलावले. माईकवर रुमाल टाकला.

"रक्त पुसा, सर. आभार उरकून घ्या."

"आबासाहेब, अँब्युलन्स..."

"येईल की. पोलीसबी निघाल्यात जामखेडवरनं. त्येच्या आत कार्यक्रम रीतसर संपला पायजे. कॅमेरा आता तुमच्यावर लावतो. एवढंच म्हणा, बाईंनी भावना दुखावल्या, मुलांनी संयम पाळला. म्हातारा गर्दीत पडला. गुन्हा दाखल व्हायचा तो बाईवर हुईल, कॉलेज सुटंल."

"आणि मी तसं म्हटलं नाही तर?"

आबासाहेब प्रेमाने हसले. "तुमची सून रुपाली आपल्याच हायस्कूलला हाय न्हवं? लई चांगली शिकवती, म्हणत्यात."

त्यांनी रुमाल उचलला.

वाबळे माईकसमोर आले. चष्म्याविना सभागृह धूसर दिसत होते. स्पष्ट दिसत होता तो कॅमेऱ्याचा लाल ठिपका, आणि पायाशीच, फुटलेल्या नारळाच्या पाण्यात, बापाचे मनगट ओढणीत बांधणारी रुमाना. तिच्या कपाळातले रक्त भुवईवरून गालावर ओघळत होते. तिने वर पाहिले.

"सन्माननीय व्यासपीठ, ग्रामस्थ बंधुभगिनी आणि विद्यार्थी मित्रहो," वाबळ्यांनी सुरुवात केली. आवाज नेहमीचाच होता. इतका नेहमीचा, की मागच्या रांगेत दोघेतिघे सवयीने चपला शोधू लागले. "आभार ही औपचारिक बाब मानली जाते. तरीही ज्यांच्या हातभारामुळे आजचा कार्यक्रम घडला त्यांचा नामोल्लेख न करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

"सर्वप्रथम सांस्कृतिक प्रतिनिधी हर्षल यांचे आभार. सत्काराचा नारळ त्यांनी सत्कारमूर्ती नूरमहंमद पिंजारी यांच्या उजव्या मनगटावर मारून हाड मोडले. समर्थ यांचे आभार. त्यांनी याच वृद्ध गृहस्थांना पाठीमागून लाथ घातली. वृद्ध रंगुबाईंना खाली पाडणाऱ्याचे नाव मला ठाऊक नाही. त्यांनी ते पोलिसांना स्वतः सांगावे, म्हणजे आभार पोचते होतील."

हर्षल अजून अर्धवट हसत होता; स्वतःचे नाव ध्वनिक्षेपकावर ऐकायची त्याला सवय होती.

"ज्या स्वयंसेवकांनी दारे आतून लावली, ज्यांनी कॅमेरा सरस्वतीकडे वळवला, त्यांचे आभार. संस्थेचे सचिव आबासाहेब यांनी हात वर करताच मारहाण थांबली. तो हात त्यांनी शेवटी का होईना वर केला, याबद्दल संस्था त्यांच्या ऋणात राहील."

"माईक बंद करा रे," आबासाहेब खालच्या आवाजात म्हणाले. पण ध्वनिक्षेपकवाला दारे लागण्याआधीच पळाला होता, आणि कोणते बटण कशाचे हे व्यासपीठावरच्या एकाही मान्यवराला माहीत नव्हते.

"ज्येष्ठ ग्रामस्थांचे आभार. त्यांच्यापैकी अनेकांनी ती गादी डोक्यावरून वाहिली आहे. आज ते बसून राहिले. व्याख्यात्या डॉ. रुमाना पिंजारी यांनी सांगितले ते खरे आहे. त्या दारासमोर थांबलेली पालखी मीही पाहिली आहे. पालखीचा दांडा त्या वेळी माझ्या खांद्यावर होता."

आता हर्षलला कळले. फ्लेक्सची लोखंडी पट्टी उपसून तो व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागला. मागे समर्थ, मागे आणखी पाचसहा जण. "थांब, म्हाताऱ्या, तुजं आभार मानतो आता!"

वाबळे मागे सरले नाहीत. माईक त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"राष्ट्रगीताने कार्यक्रमाची सांगता होईल. सर्वांनी कृपया उभे राहावे. सावधान!"

कोपऱ्यात पेटीपाशी स्वागतगीताच्या मुली भिंतीला चिकटून होत्या. त्यांच्यातली ज्ञानेश्वरी रडत होती. तिने वाबळ्यांकडे पाहिले, डोळे पुसले आणि कापऱ्या सुरात पहिली ओळ उचलली. बाकीच्या मुली मागून आल्या.

सावधान हा शब्द या मुलांच्या पोटऱ्यांत पहिलीपासून भिनवलेला होता. हर्षल पायरीवर थबकला. पट्टी मांडीला लागून सरळ खाली गेली. समर्थच्या टाचा जुळल्या. आजोबा लोक उठले. आबासाहेब त्या उंच खुर्चीतून उठले. कॅमेऱ्याचा लाल ठिपका तसाच होता.

सगळ्यात शेवटी नूरमहंमद उठला. रुमाना त्याला काखेत धरून उचलत होती. त्याने मानेने नको म्हटले. एक गुडघा, मग दुसरा. उभा राहिल्यावर मोडलेले मनगट त्याने डाव्या हाताने छातीशी धरले होते. मग आजूबाजूला ताठ उभी असलेली माणसे त्याने पाहिली, आणि डावा हात काढून घेतला. उजवा हात आपल्याच वजनाने खाली आला. म्हाताऱ्याचे ओठ पांढरे पडले. पण दोन्ही हात शेजारी सरळ होते, आणि मान वर होती.

वाबळे त्याच्याकडे पाहत होते. पायरीवर हर्षल त्यांच्याकडे पाहत होता. पट्टीवरची त्याची मूठ आवळलेली होती. राष्ट्रगीताची शेवटची ओळ अजून बाकी होती.