नदीच्या दोन्ही काठांचा रेडिओ

आमच्या गावात घरं एक्केचाळीस. त्यातल्या एकोणतीस घरांत भिंतीवर रेडिओसकट फोटो आहे. गावात रेडिओ मात्र एकही नाही. मी मोजलंय.

रेडिओ सिकेलो फोटोवाल्याचा. त्याच्या सायकलच्या कॅरिअरला तो रेडिओ, एक कोट आणि चार वाजून दहा मिनिटांवर बंद पडलेलं मनगटी घड्याळ कायम असायचं. बारसं असो, नवं छप्पर असो की कुणाचं म्हातारपण. सिकेलो येतो, मांडीवर रेडिओ ठेवतो आणि माणूस खाऊन-पिऊन सुखी दिसायला लागतो.

माझी भाची तेरेझा, तिचाही असाच फोटो स्थळासाठी नदीपलीकडे गेला. तिकडून केफास नावाच्या मुलाचा आला. मांडीवर रेडिओ. मला शंका आली, पण माझी बहीण एनिफा म्हणाली, सिकेलो मगरींना घाबरतो, नदी ओलांडत नाही, तो स्वतःच सांगतो. म्हणजे रेडिओ पोराचाच. आमच्यात जावई मुलीच्या गावी राहायला येतो, तेव्हा रेडिओही येणार. ब्लान्टायर शहरातून रेडिओवर रोज मयतांची नावं वाचतात, ती एनिफाला घरबसल्या ऐकायची होती. तेरेझा रेडिओबद्दल काही बोलली नाही. आधीची दोन स्थळं नाकारणारी ही पोरगी फोटो चटईखाली ठेवून झोपायची. लग्न जमवणं मामाच्या गळ्यात, मोडलं तरी त्याच्याच. म्हणून मी गप्प बसलो.

ठरल्या दिवशी केफास आणि त्याचे मामा बिझविक कोंबडा घेऊन आले. आमची कोंबडी तयार होती. एकदा त्यांची अदलाबदल झाली की सोयरीक पक्की. त्याआधी एनिफाने तेरेझाने विणलेला क्रोशाचा रुमाल पुढे केला. म्हणाली, तुमच्या रेडिओवर घालायला. बिझविकनी पिशवीतून चार मोठे सेल काढले. म्हणाले, तुमच्या रेडिओत घालायला.

मग कोंबडा तेवढा बोलला.

मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. दोघांच्याही मनगटावर चार वाजून दहा मिनिटं झालेली.

"फसवलंत की सोयरे," बिझविक कोंबडा काखेत मारून उठले. एनिफाही कोंबडी आवळून उठली. तेवढ्यात, अदलाबदलीचा फोटो काढायला बोलावलेला सिकेलो नदीकडून आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"मगरी कुठं गेल्या रे?" मी विचारलं.

तो म्हणाला, गुरुवारी नसतात.

बिझविकनी त्याचा रेडिओ ओढून मागचं झाकण उघडलं. आत भाजलेल्या शेंगा. सिकेलोचं जेवण.

आता हसावं की भांडावं हे दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघून ठरवत होते. तेरेझा मात्र सरळ केफाससमोर जाऊन उभी राहिली.

"कोट तुमचा?"

"नाही."

"घड्याळ?"

"नाही."

"दात तरी तुमचेच ना?"

"वरचे सगळे," केफास म्हणाला. "खालचा एक गेलाय. फोटोत तोंड मिटलं होतं."

तिने वाकून तोंडात पाहिलं, मग माझ्याकडे वळली. "मामा, कोंबडी द्या."

कोंबडी एनिफाच्या हातातून सोडवायला दोघं लागले. सिकेलोला दंड झाला: रेडिओ आमच्या घरात राहील. सेल एनिफाने बाजारात टॉर्चसाठी विकले नाहीत, रेडिओशेजारीच मांडलेत. वर क्रोशाचा रुमाल. शेजारणी आल्या की ती सांगते, आज दुपारपर्यंत कुणी गेलेलं नाही.

सिकेलोला आता कुठेही फोटो काढायचा असला की रेडिओ मागायला आमच्या दारात यावं लागतं. एनिफा देते, पण एकटा सोडत नाही. अलीकडच्या अकरा फोटोंत, कोणाचंही बारसं असो, कडेला तिचा हात दिसतो, रेडिओच्या मुठीवर.