नाण्यांना घट्ट धरणारी नळी

मी एक जुनी प्लास्टिकची नळी आहे, मित्रांनो. उंचीनं तुमच्या तर्जनीएवढी, डोक्यावर झाकण, आत नाणी रचायची जागा. साच्यातून निघाले तेव्हा मी सायीसारखी पांढुरकी होते आणि माझ्यातून उजेड आरपार जायचा. एका खोक्यात माझ्या शंभर बहिणी होत्या. त्यांतून मला उचललं ते एका घड्याळजीनं. डोळ्याला भिंग लावून त्यानं मला चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "ही चालेल. सरळ आहे."

त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको कपड्यांना काज-बटणं करायची. दोघांचं ठरलं होतं, की लग्नाच्या दिवशी दरवर्षी त्या वर्षाचं एक कोरं नाणं माझ्यात टाकायचं. पहिलं नाणं त्यानं कडा धरून आणलं, बाळाला आणावं तसं. पण तो हात धुवायला गेला तेवढ्यात बायकोनं टाचणी घेतली आणि नाण्याच्या पाठीवर एक बारीक रेघ ओढली.

"हे काय केलंस?" घड्याळजी पांढराफटक पडला. "संग्रहातल्या नाण्याला बोटसुद्धा लावत नाहीत, आणि तू टाचणीनं कोरलंस? मातीमोल केलंस."

"मोल राहू द्या बाजारात," ती म्हणाली. "हजारात ठेवलं तरी आपलं कुठलं, ते आता मला कळेल."

तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. नाणं मात्र माझ्या तळाशी गेलं.

आता त्याची चूक सांगते. ती घड्याळजीच करू जाणे. घड्याळाचं कडं गरम करून त्यात काच बसवायची आणि कडं थंड झालं की काच जन्माची धरली जाते, हे त्याच्या हातात मुरलेलं. खुळखुळलं की झिजलं, असं तो म्हणायचा. म्हणून दरवर्षी तो मला कढत पाण्यात धरायचा, मी सैल झाले की नवं नाणं सोडायचा आणि मग गार पाण्यात बुडवायचा. मी आवळून घ्यायचे. हलवून पाही, आवाज नसे. "बघ, कशी धरलीय," तो बायकोला म्हणे. मला धन्य वाटायचं. ती बटणं लावता लावता गुणगुणायची:

वर्सामागं वरीस, नाण्यावरती नाणं,
नळीच्या पोटात राहू दोघं गुमानं.

सव्वीस नाणी झाली. सत्ताविसाव्या वर्षी ती नव्हती. घड्याळजीनं माझं झाकण लावलं आणि मला खिडकीतल्या फळीवर ठेवून दिलं.

तिथं मी बारा वर्षं उभी होते. दुपारचं ऊन रोज माझ्यावरून सरकत जायचं. मी पिवळी पडले, ठिसूळ झाले आणि कुणाच्या ध्यानात न येता आक्रसत गेले. प्लास्टिकची जात ती, म्हातारपणी अंग चोरते. आतली नाणी आणि मी, आमच्यात केसाचीही फट उरली नाही.

घड्याळजीला साखरेचा आजार होता. आधी त्याचे डोळे गेले. दुकान बंद झालं. मग बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. एक दिवस त्यानं मुलीला हाक मारली. ही मुलगी दातांच्या कवळ्या बनवायची.

"बाळा, ती नळी काढ. तळचं नाणं हवंय मला. ओरखड्याचं."

"आत्ता कशाला, बाबा?"

"डोळ्यांनी आता दिसायचं नाही. बोटांना अजून थोडं कळतंय. तेवढ्यात एकदा हात फिरवतो."

तिनं मला उलटं केलं, झटकलं. एक नाणं हललं नाही. त्या रविवारी थोरला भाऊ आला, स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी घेऊनच.

"दे इकडे. नाणी आहेत, अंडी नाहीत."

"दादा, तू लांब बस. बाटलीची झाकणं दातांनी काढतोस, आणि दात हलला की माझ्याकडे येतोस. टोक आत घातलंस तर सगळ्या कडा खरवडशील."

तिनं मला गरम पाण्यात धरलं, मऊ फडक्यात गुंडाळलं, गादीवर हलकेच आपटलं. वरची तीन नाणी सुटली. बाकीची नाहीत. आणखी आपटायला गेली तेव्हा माझ्या अंगावर एक चीर उमटली. तिचा हात थांबला.

"बाबा, नळी कापावी लागेल."

"मग काप."

"आईचा हात लागलाय हो हिला. पुढच्या रविवारी बघू. दुसरा काही उपाय सापडेल."

मित्रांनो, मला त्या वेळी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? कुणीतरी मला जपत होतं. पुढच्या रविवारी तिनं पुन्हा गरम पाणी केलं. त्याच्या पुढच्या रविवारी तिला वेळ झाला नाही. घड्याळजी रोज विचारायचा, "आज कुठला वार?" असे पाच रविवार गेले. सहाव्या आठवड्यात, एका बुधवारी, चहाचा पेला त्याच्या हातातून पडला. चहा कढत होता आणि त्याला कळलंच नाही.

मुलीनं फरशी पुसली. मग कामावरची केसासारख्या पातीची करवत काढली. साच्यातून कवळी काढताना साचा मोडायचा असतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. डोळ्यांना चष्मा लावला. जिथून तीन नाणी निघाली होती, त्या रिकाम्या काठापासून सुरुवात केली. पाती आरपार नेली नाही. समोरासमोर दोन उभ्या खाचा पाडल्या, कागदाएवढी जाडी राखून. मग अंगठे लावून मला फाकवलं. मी कट्कन उघडले. उरलेली तेवीस वर्षं उजेडात आली, एकावरही नवा ओरखडा नाही.

तळचं नाणं तिनं वडिलांच्या तळहातावर ठेवलं. तो अंगठा फिरवत राहिला. पालथं केलं, पुन्हा फिरवला.

"हेच का?"

"हेच, बाबा. रेघ दिसतेय मला."

"मला लागत नाही गं."

ती तिथंच खाली बसली. "मी रविवार रविवार करत राहिले, बाबा."

त्यानं नाणं उचललं आणि ओठांना लावलं. सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत नेलं. मध्यावर थांबला. कितीतरी वेळ तिथंच थांबला.

"दोन दिवस बोललो नाही तिच्याशी," तो म्हणाला. "एवढ्याशा रेघेसाठी."

मुलीनं माझे तुकडे टाकायला उचलले, पण टाकवेनात. मी अजून मेजावर पडून आहे. म्हणून तुम्हाला एवढं सांगू शकते. मुलांनो, नाणी ठेवाल तर नळी जरा सैल घ्या. उन्हात ठेवू नका, आणि वर्षातून एकदा तरी नाणी बाहेर काढून पाहा. अडकलीच तर आत टोक घालू नका, घाव घालू नका. गरम पाणी करून पाहा, मोठं माणूस जवळ असू द्या. आणि तेवढ्यानं सुटली नाहीत, तर माझ्यासारखीवर माया करत बसू नका. मोठ्या माणसाच्या हातात करवत द्या आणि त्याच दिवशी तिला कापायला लावा.