तोंड पाहिल्याशिवाय

"मेला नाई तो! लिहून घ्या माह्यापासून." सीताबाईंनी मांडीवरची तुरीच्या डाळीची परात बाजूला सरकवली आणि टीव्हीकडे बोट रोखलं. "मढं दाखवलं? नाई. तोंड दाखवलं? नाई. मंग कसा मेला?"

पडद्यावर 'सात घरं एक अंगण'मधले दादासाहेब गाडीसकट घाटात कोसळले होते आणि अख्खं घर पांढऱ्या कपड्यांत रांगेनं रडत होतं. रडून रडून सगळ्यांचे गळे बसले, पण धाकट्या सुनेचं काजळ काही जागचं हललं नाही.

सेलूच्या त्या वस्तीत ही मालिका दुपारी दीडला लागे, ती कमलाबाईच्या घरी. तिच्याकडचा टीव्ही मोठा आणि घरात तिच्याशिवाय दुसरं कोणी नाही. मुलगा सुमीत पुण्याला. दुपारी दीडला वस्तीत कोणाला मरायचं असेल तर त्यानं दोन वाजेपर्यंत दम धरावा, असं सीताबाईच म्हणायच्या. त्या पलीकडच्या गल्लीतून डाळ निवडायला म्हणून यायच्या आणि निवडलेली डाळ तशीच घरी न्यायच्या. शेजारची मयुरी सासूची नजर चुकवून यायची. आणि चौथी दीपमाला.

दीपमालानं वर्ध्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्सगिरी केली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी वस्ती तिला सिस्टरच म्हणते. खरं सांगायचं तर तिला मालिकेचा मनस्वी कंटाळा. पण ती रोज येई, कमलाबाईच्या शेजारी भिंतीला टेकून बसे. का येते, हे फक्त तिला ठाऊक होतं.

"काकू, तुमाले काई मालूम नाई," मयुरी मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली. "त्यानं सीरियल सोडली. दुसऱ्या चॅनलवर गेला. आता पुढच्या हप्त्यात पाहुणा कलाकार येऊन राह्यला, वकील बनून. मागं हळदीच्या भागात गाणं म्हणायले आलता ना, तोच."

"तो? अवं, त्याले तं रडताबी येत नाई!"

"वकिलाले कायले रडा लागते?"

"मंग गाणंच म्हणतीन का मृत्युपत्रात?" सीताबाई फिस्सकन हसल्या. "तू माह्यं आईक. थोरली सून इहिरीत पडली तवा काय भेटलं? नुसत्या चपला. आली का नाई सहा महिन्यांनं वापस? तोंड बदलून आली, पण आली ना! कायदाच हाये तो. तोंड दाखवलं नाई, म्हणजे माणूस वापस येते."

"हो ना," कमलाबाई हळूच म्हणाली. "तोंड पाह्यल्याशिवाय कसं म्हणावं?"

मयुरीचा अंगठा मोबाइलवर थांबला. सीताबाईंनी परात पुन्हा मांडीवर ओढली आणि निवडलेलीच डाळ निवडू लागल्या. टीव्हीतली माणसं तेवढी रडत राहिली.

खुंटीवर अवजारांची खाकी पिशवी लटकत होती. कमलाबाईच्या नवऱ्याची, लक्ष्मणरावांची. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात आसपासच्या दहा गावांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. चार वर्षांपूर्वी, कोरोनाच्या त्या दुसऱ्या लाटेत, ते स्वतःच्या पायांनी अँब्युलन्समध्ये चढले. जाताना बायकोला म्हणाले, "पिशवीले हात लावू नको, वापस आल्यावर धोत्रा गावची मोटार करा लागते." पाचव्या दिवशी दुपारी वर्ध्याच्या दवाखान्यातून ते गेल्याचा फोन आला. कमलाबाई स्वतः तापानं फणफणलेली, सुमीत पुण्यात अडकलेला. अंत्यसंस्कार परस्परच झाले. घरी कोणी बसायला आलं नाही, यायची सोयच नव्हती. मुलानं नंतर आणलेलं मृत्यूच्या दाखल्याचं पाकीट कमलाबाईनं फोडलं नाही. फोटोही भिंतीवर लावू दिला नाही. दर रविवारी ती पिशवीतले पाने-पकडी काढून, तेल लावून, पुसून ठेवी. कोणी मागायला आलं तर म्हणे, "ते आल्यावर इचारजा."

लोक म्हणत, बाई जरा हललीच. दीपमालाला मात्र ते पाने पुसणं पाहवत नसे.

कारण त्या दुपारी त्या वॉर्डात तीच होती. आणि बरी झाल्यावर कमलाबाई तिच्या दारात येऊन उभी राहिली, "सिस्टर, तुमी होत्या का तिथं?" म्हणून तिनं विचारलं, तेव्हा दीपमालाच्या तोंडून निघून गेलं होतं, "नाई व. माही ड्युटी दुसऱ्या वॉर्डात होती." एवढंच वाक्य. त्या वाक्यासाठीच ती रोज दीडला कमलाबाईच्या शेजारी येऊन बसे.

पुढच्या आठवड्यात वकील आला. सीताबाई म्हणाल्या ते खरं निघालं, गड्याला अभिनयाचं वावडंच होतं. मृत्युपत्र त्यानं बाजारभाव वाचावेत तसं वाचलं. मयुरी तोंडाला पदर लावून हसत होती. एवढ्यात कॅमेरा भिंतीकडे वळला. भिंतीवर दादासाहेबांचा फोटो, फोटोला चंदनाचा हार.

"हार घातला," कमलाबाई म्हणाली.

"हारबी काढतेत नंतर," सीताबाई घाईनं म्हणाल्या. "काढला होता ना त्या सुनेचा."

"मयुरी, तू सांग. येईन का तो?"

मयुरी लहान, तिला काय कळणार? ती सरळ बोलून गेली. "नाई काकू. तो शूटिंगलेच आला नाई, तं तोंड कोणाचं दाखवतीन? तोंड दाखवलं नाई म्हणजे माणूस जित्ता हाये असं नसते. दाखवाले कोणी नव्हतं, एवढंच."

कमलाबाईनं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. पावणेदोनला! असं कधी झालं नव्हतं. सीताबाई उठल्या, दारात थबकल्या. "माह्या जिभीले काई हाड नाई व कमले," एवढं कसंबसं म्हणाल्या आणि मयुरीला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या.

दीपमाला बसून राहिली. उठावं असं शंभरदा वाटलं. पण आज उठले तर मग कधीच बोलणं होणार नाही, हेही तिला कळत होतं.

"कमलाबाई, मी खोटं बोलली तुमच्याशी."

कमलाबाईनं मान वळवली.

"मी तिथंच होती. लक्ष्मणभाऊच्या वॉर्डात."

"तोंड पाह्यलं?"

"पाह्यलं. मीच पुसलं. डोये मिटले होते. दाढी वाढली होती."

"दाढी?" कमलाबाईचा आवाज चिरकला. "रोज करत होते ते. मोटारीवर जायचं असलं तरी करत होते."

"जाच्या आंधी पाणी मागतलं," दीपमाला घाईघाईनं बोलू लागली. आता थांबले तर संपलेच, अशी तिची गत झाली होती. "मी म्हणलं, आली भाऊ. अन् तेवढ्यात पलीकडच्या पेशंटचा ऑक्सिजन उतरला, मी तिकडं धावली. चाळीस पेशंट अन् आमी दोघी. वापस आली तवा... पाणी माह्या हातातच राह्यलं, कमलाबाई. कोणत्या तोंडानं सांगतलं असतं तुमाले?"

आणि एकतीस वर्षांत वॉर्डात कोणासमोर न रडलेली ती बाई हमसून हमसून रडू लागली.

कमलाबाई उठली. आत गेली. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. दीपमालाला वाटलं, आता ही बाहेर येऊन आपल्याला जा म्हणेल, आणि म्हणावंच. कमलाबाई पाण्यानं भरलेला पितळी गडू घेऊन आली आणि तिनं तो दीपमालाच्या हातात दिला.

"प्या."

"कमलाबाई..."

"प्या म्हणते ना. चार वर्षं घेऊन फिरून राह्यल्या."

दीपमाला प्याली. तेव्हा कुठे कमलाबाई तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि तिला रडू फुटलं. मोठ्यानं, नाव घेऊन. वस्तीला ऐकू जाईल असं.

दिवेलागणीला सीताबाई आल्या, मागून मयुरी. सीताबाईंच्या हातात वरण-भाताची झाकलेली पातेली होती. त्यांनी घरभर एकदा नजर फिरवली. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली लक्ष्मणरावांचा फोटो उभा होता, पुढे मेणबत्ती जळत होती. खुंटीवर पिशवी नव्हती. ती फोटोपाशी खाली ठेवली होती.

मौतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारच्यांनी रांधून आणायचं असतं, ही रीत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. चार वर्षं उशिरा का होईना.

"गॅस पेटवू नको आज," त्या कमलाबाईला म्हणाल्या आणि भुईवर ताटं मांडू लागल्या. दीपमाला चप्पल शोधायला उठली, तसा त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तुमी कुठं निघाल्या, सिस्टर? जेवा. तुमी बी घरच्याच ना."