कांडी भरणाऱ्या हाताची झेरॉक्स

मी एक जुनं झेरॉक्स मशीन आहे, मित्रांनो, आणि खरं सांगतो, मला स्वस्थ बसवत नाही. पाय नाहीत म्हणून राजारामपुरीच्या या बोळात, आण्णांच्या दुकानात पडून आहे, एवढंच. पोटातला दिवा सारखा इकडून तिकडे धावायला बघतो. बटण दाबलं की धावतो, नाही दाबलं की जीव वर-खाली होतो.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. उमेदीची वर्षं मुंबईच्या एका ऑफिसात गेली, मग ट्रकात बसून कोल्हापूरला आलो. आण्णांनी मला फार जपलं. खंडेनवमीला झेंडूची माळ, वर नारळ, रोज सकाळी काचेवरून मऊ फडकं. परीक्षेच्या दिवसांत बोळाच्या तोंडापर्यंत रांग लागायची. "आण्णा, तुमचं मशीन म्हणजे नाद खुळा," असं कॉलेजची पोरं म्हणायची आणि मी आतल्या आत फुगायचो.

पण एका गोष्टीनं माझं डोकं फिरायचं. पोरं कागद ठेवायची, झाकण आपटायची आणि प्रत हातात आली की अभ्यास झाल्यासारखी खुशाल चहाला जायची. वाचायचं कुणी? प्रत्येक ओळीखालून मी एकटाच जायचो. फेब्रुवारीत तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची नुसती धांदल. आण्णांच्या मागच्या फळीवर जुन्या मुलांचे प्रोजेक्ट रचलेले. विषय सांगायचा, पहिलं पान बदलायचं, बाकीचं जसंच्या तसं छापून घ्यायचं. तोच कागलचा ऊस, तोच आजऱ्याचा काजू, नाव तेवढं दरवर्षी वेगळं. हल्ली तेवढेही कष्ट नकोत. मोबाइलला विचारायचं आणि तो जे देईल ते डोळे झाकून घ्यायचं.

गेल्या वर्षी कशिश आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची, इचलकरंजीहून रोज एसटीनं येणारी. तिला पुढं एम.ए. करायचं होतं, आणि वडलांनी बजावून ठेवलं होतं की एखादा विषय जरी राहिला तरी एसटीचा पास बंद. प्रोजेक्ट द्यायला आठवडा राहिला होता आणि एक ओळ लिहून झालेली नव्हती. तिनं यंत्रमागाचा प्रोजेक्ट मागितला. आण्णांनी फळीवरून काढला आणि मी धावायला लागलो.

पण ही पोरगी चहाला गेली नाही. पडेल ते पान उचलून वाचत उभी राहिली. एका पानावर लिहिलं होतं, यंत्रमाग व्यवसायात स्त्रिया काम करत नाहीत. तिथं ती थबकली.

"आण्णा, थांबवा जरा," ती म्हणाली. "हे खोटं हाय. माझी अम्मी माझ्या जन्माच्या आधीपासनं कांडी भरतीय."

कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची नळी. ती भरली नाही तर माग उभाच राहील. आण्णांनी समजूत काढली, सर कुठं एवढं वाचतात, मार्क पदरात पाडून घे. तिनं ऐकलं नाही. अर्धा प्रोजेक्ट माझ्या ट्रेमध्ये तसाच टाकून ती गेली. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! आणि लगेच धास्तीही वाटली, कारण नुसता बाणा दाखवून प्रोजेक्ट होत नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं छातीशी धरून आली आणि सगळीच्या सगळी काढा म्हणाली. झालं, ही पण त्यातलीच, असं वाटून मी दोनदा कागद अडकवला. तो प्रतींचा गठ्ठा कॉलेजात ग्रंथपाल स्नेहल मॅडमनी पाहिला आणि एवढंच विचारलं की तुला नेमकं काय शोधायचंय, एका वाक्यात सांग. तिला सांगता येईना. मॅडमनी तिला शेजारी बसवून घेतलं. मग ती आली ती मोजकीच पानं घेऊन, आणि पुस्तकाचं नाव नि साल असलेलं पानही बरोबर. माहिती कुणी सांगितली, कुठं आणि कधी, हे पाहिल्याशिवाय आपल्या कागदावर घ्यायची नाही, असं मॅडमनी शिकवलं होतं. मोबाइलनं दिलेला एक आकडा कुठल्याच अहवालात सापडेना, तर पोरीनं माझ्यावरच कागद टेकवून तो खोडला.

मग तिनं आपल्या गल्लीतल्या बायकांसाठी प्रश्नावली केली. पहिलाच प्रश्न, 'तुम्ही यंत्रमागाच्या धंद्यात काम करता का?' मी ढीगभर प्रती काढल्या आणि वाट बघत बसलो. ती परत आली तेव्हा चेहरा पार उतरलेला. एकजात सगळ्या बायकांनी नाही सांगितलं होतं. तिची स्वतःची आई ताजबी तर म्हणाली होती, "न्हाय बाई. मी कुठं काम करतो? मी घरातच असतो की."

म्हणजे फळीवरचा तो जुना प्रोजेक्ट लिहिणारा खोटारडा नव्हता. त्यानंही हेच विचारलं असणार आणि हेच उत्तर लिहून घेतलं असणार. आण्णा म्हणाले, बघ, मी सांगत होतो. प्रोजेक्ट द्यायचा शनिवार उद्या-परवावर आलेला. कशिशचा हात आण्णांनी बाजूला ठेवलेल्या त्या अर्ध्या प्रोजेक्टकडे गेला. माझा जीव नुसता टांगणीला लागला. ओरडता येत नाही ही काय शिक्षा आहे, हे तुम्हाला कळायचं नाही.

नेमक्या तेव्हा स्नेहल मॅडम स्वतःचे कागद घेऊन दुकानात आल्या. सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, शिकवलंही नाही.

"अम्मी हे बोलली तेव्हा तिच्या हातात काय होतं?" त्यांनी विचारलं.

"कांडी," कशिश म्हणाली, आणि प्रोजेक्टकडे गेलेला हात तिनं मागं घेतला.

मग तिनं माझ्या झाकणावर कोरा कागद ठेवला आणि लिहिलं, 'आज सकाळी उठल्यापासून तुमच्या हातांनी काय काय केलं, सांगा.' हो-नाहीच्या चौकटी नाहीत, खाली नुसती मोकळी जागा. मी त्याच्या प्रती इतक्या झपाट्यानं काढल्या की आण्णा माझ्याकडे बघतच राहिले.

शनिवारी सकाळी ती आईला घेऊनच आली. सगळे कागद भरून गेले होते, काहींच्या मागच्या बाजूलाही लिहिलेलं. चुलीवर कालवण ठेवून कांडी, पोराला पाजून कांडी, शेजारच्या शेडमध्ये कांडी. ताजबी दाराशी अवघडून उभी होती, हात ओढणीत लपवून. तिच्या बोटांचा मोबाइलवर काढलेला फोटो काळा आला होता, सुतानं पडलेल्या चिरा दिसतच नव्हत्या.

"अम्मी, काचेवर हात ठेव," कशिश म्हणाली.

ताजबी मागं सरली. "हाताची कसली झेरॉक्स? इथं कामाचा कागद ठेवत्यात."

"हे कामाचंच हाय."

आयुष्यभर मी कागदाखालून धावलो, मित्रांनो. त्या दिवशी पहिल्यांदा हाताखालून गेलो, आणि पहिल्यांदाच मला घाई करावीशी वाटली नाही. प्रत बाहेर आली. ताजबीनं ती उजेडात धरली, बराच वेळ बघितली.

"एवढं चिरलंय व्हय?" ती हळूच म्हणाली. मग लेकीकडे वळली. "तो पयला कागद खोड. लिही, मी काम करतो म्हणून."

कशिशनं वेळेत प्रोजेक्ट दिला. एसटीचा पास बंद झाला नाही, ती आता एम.ए.ला आहे. आण्णांनी रिवाजाप्रमाणे फळीवर ठेवायला एक प्रत मागितली होती. तिनं फक्त त्या एका प्रश्नाचा कोरा कागद दिला आणि उत्तरं ज्यानं त्यानं आपल्या घरातनं आणावीत म्हणाली.

आता माझा शाई उमटवणारा ड्रम झिजलाय, काचेवर धूळ असते, आणि आण्णांचं भंगारवाल्याशी बोलणं चाललंय. माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. बटण दाबण्याआधी पान एकदा वाचत जा. तो कागद अजून फळीवर आहे. घेऊन जा, घरी विचारा, पण लवकर परत या. मी दिवा पेटवून बसलोय.