क्लारासाठी लाल ठसा

मित्रांनो, अमेरिकेतल्या सनीव्हेल गावच्या एका लहानशा अपार्टमेंटमध्ये एक पत्र तीन वर्षं उत्तराविना पडून होतं. ते माझ्या मालकांच्या बहिणीचं होतं आणि त्याचं उत्तर माझ्यापायी अडलं होतं. मी एक जुना पितळी शिक्का आहे. वितळलेल्या लाखेवर उमटायचं, एवढंच माझं काम. माझ्यावर सगळं उलटं कोरलेलं आहे, त्यामुळे मला सरळ सांगता येईल की नाही, ही शंका आहेच. सांभाळून घ्या.

जर्मनीतल्या एका लहान सरदार घराण्यासाठी मला घडवलं गेलं. माझ्यावर एका पायावर उभा असलेला बगळा आहे. त्या घरची रीत अशी, की ठसा नसलेलं पत्र घरचं मानायचं नाही. माझे मालक आल्ब्रेख्त आणि त्यांची धाकटी बहीण क्लारा ही दोघं लहानपणी तापल्या लाखेचा वास घ्यायला टेबलाभोवती घुटमळत.

मग १९१८ साली जर्मन बादशहाचं, कैसरचं राज्य गेलं. मला वाटलं, आता मलाही वितळवणार. तसं काही झालं नाही. नव्या कायद्यानं सरदारांचे अधिकार काढून घेतले आणि 'बॅरन' हा पदवीचा शब्द तेवढा आडनावात राहू दिला. थोरले मालक, म्हणजे आल्ब्रेख्त यांचे वडील, मात्र कोंबड्या विकल्याच्या पावतीवरही मला दाबत राहिले. पावती घेणारा हसायचा. मला कुतूहल वाटे, हुकूमच उरला नाही तर मी आता नेमकं सांगतो तरी काय?

वडील वारल्यावर आल्ब्रेख्त मला खिशात घालून अमेरिकेला आले. क्लारा मागेच राहिली. इथले नागरिक होताना त्यांना शपथेवर सांगावं लागलं, की मी माझी सरदारी पदवी सोडतो आहे. मालक शब्दाचे पक्के. त्या दिवसापासून मी लाखेला शिवलो नाही. त्यांनी जर्दाळूच्या बागांत फळं उतरवली, पुढे फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात कारकुनी केली. मी कागदांवर वजन म्हणून बसलो, नाताळात अक्रोड फोडले. माझ्या मुठीला पोचा आहे तो त्याचाच. हळूहळू बागा गेल्या, त्या जागी संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपन्या आल्या आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो.

दुसऱ्या महायुद्धात बहीण-भावांचा पत्रव्यवहारही तुटला होता. १९८१मध्ये पूर्व जर्मनीतून, कुठूनसा पत्ता मिळवून, अचानक क्लाराचं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं, की लढाईनंतर एक माणूस तुझं नाव सांगून आला आणि पाहुणचार घेऊन पसार झाला. तू खरंच आल्ब्रेख्त असशील, तर बगळ्याचा ठसा मारून उत्तर पाठव.

मालक मला हातात घेत आणि परत ठेवून देत. ठसा मारावा तर शपथ मोडते, न मारावा तर बहीण विश्वास ठेवणार नाही.

१९८४च्या उन्हाळ्यात शेजारी नागपूरकडचे ईश्वर रामटेके आणि कमला राहायला आले. ईश्वर चिपच्या कंपनीत इंजिनिअर होता. कमला अधूनमधून डब्यातून भाजी आणायची आणि नवऱ्याला मराठीत म्हणायची, "अहो, सरदार होते म्हणे, आणि भांडी बघा कशी चकाचक घासतात." मालकांना शब्द कळत नसत, तरी ते ओशाळं हसत.

एका रविवारी चहा पिताना मालकांनी मला ईश्वरच्या हातात दिलं आणि सगळी अडचण सांगितली. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मी ते माझ्या परीनं सांगतो.

ईश्वरनं मला खिडकीपाशी नेऊन न्याहाळलं. "काका, खरं बोलू? असे शिक्के ज्यांच्या घरी असत ना, त्यांच्या दारावरून जाताना माझे आजोबा चपला हातात घ्यायचे."

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्या दारावरून लोक टोपी काढून जायचे. लहानपणी मला वाटायचं, त्यांना उकडत असेल."

ईश्वरला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "तुमचा मान कायद्यानं गेला, आमचा अपमान कायद्यानं गेला. निदान कागदावर तरी. दोन्ही बरंच झालं. पण काका, तुम्ही पदवी सोडायची शपथ घेतलीत, बहीण सोडायची नाही."

"ठसा म्हणजेच पदवी ना?"

"तुमच्या लेखी. तिला फक्त भावाची खूण हवी आहे."

कमलानं विचारलं, "सिस्टरचं वय काय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग विचार कसला करताय?"

लाख घरात नव्हती. कमलानं आपल्या घरून मुलीच्या दप्तरातला लाल मेणखडू आणला आणि मेणबत्तीवर धरला. मालकांनी पत्र लिहिलं. खाली पदवी नाही, आडनाव नाही, नुसतं 'तुझा आल्ब्रेख्त'. त्याखाली मेण थिजायच्या आत त्यांनी मला घाईनं दाबलं, म्हणून बगळा जरा तिरका उमटला. शेजारी त्यांनी लिहिलं, 'हा बगळा आता कुणाचाही मालक नाही.'

मित्रांनो, आम्हां जुन्या वस्तूंना जरूर पुसून, जपून ठेवा. पण आमचा मान राखण्यासाठी जिवंत माणसाला ताटकळत ठेवू नका. एवढी थोरवी आमच्यात नसते.

मालक, ईश्वर आणि कमला तिघं पत्र टाकायला चालत गेले. मी मालकांच्या कोटाच्या खिशात होतो. त्यांनी निळ्या टपालपेटीची झडप ओढली, पाकीट आत सोडलं, झडप लावली. मग शंका आली म्हणून पुन्हा उघडून आत डोकावले.

"गेलं, काका," ईश्वर म्हणाला.

मालकांनी तरी एकदा आणखी बघून घेतलं.