नव्या टाइमाची घंटा

मी घंटा बोलतेय. घंटा म्हटल्यावर देवळातली पितळी, चकचकीत घंटा डोळ्यांपुढे आली असेल तर ती आधी पुसून टाका. मी जन्मानं रूळ आहे. आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा. अंग काळं, कडा गंजलेल्या, पोटावर विलायती अक्षरं. ती अक्षरं काय सांगतात ते मलाच ठाऊक नाही, आणि ती वाचून दाखवणारा माणूस गावात निघाला नाही.

जवळच्या अनसिंगला आगगाडी यायची होती तेव्हा आम्हाला इकडे आणलं. माझ्या बहिणी एकीला एक जोडून लांबच लांब निजल्या. मी कापून उरले. आमच्या गावच्या पाटलानं खडी वाहायला बैलगाड्या दिल्या होत्या, म्हणून ठेकेदारानं जाता जाता मला त्याच्या गाडीत टाकलं. पाटलाच्या अंगणात काही दिवस माझ्यावर कुऱ्हाडी ठोकून झाल्या. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि चावडीपुढच्या निंबाला मला तारेनं टांगलं. पहिला टोला पडला तेव्हा आधी मीच दचकले. माझ्या पोटात एवढा आवाज आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रुळाच्या जाड खिळ्यानं टोला मारायचं काम पुंजाजी कोतवालाचं. पुंजाजीला घड्याळ कळत नसे. तो पाटलाच्या ओसरीवर जाई, भिंतीवरच्या घड्याळात पाटील पाही, "मार" म्हणे, मग पुंजाजी येऊन मारी. म्हणजे गावाची वेळ पाटलाच्या ओसरीवर निघायची आणि माझ्या तोंडून बाहेर पडायची. यात कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. सकाळच्या टोल्याला बाया खुरपं घेऊन वावरात जात, दुपारच्या टोल्याला भाकर सोडत, सांजच्या टोल्याला घराकडे वळत. टोल्याच्या आधी कुणी पाय काढला की त्या दिवसाची मजुरीची जवारी बुडाली. असाच रिवाज होता. मला वाटे, मी गावाला शिस्त लावली. माणसांसारखा लोखंडालाही गर्व होतो.

जुना पाटील गेला, त्याचा मुलगा जगदेव पाटील झाला. मग ती लांबची लढाई आली. लढाई कुणी पाहिली नाही, पण रॉकेल मिळेनासं झालं, त्यावरून ती आहे हे समजलं. आणि भर पावसाळ्यात, ज्वारी गुडघ्याला लागली असताना, पुंजाजीनं मला बडवून दवंडी दिली, की सरकारचा हुकूम आहे, येत्या महिन्यापासून सगळ्या मुलखातली घड्याळं एक तास पुढे.

त्या दिवशी निंबाखाली जेवढा गोंधळ झाला, तेवढा मी जन्मात ऐकला नव्हता.

शालिग्राम दुकानदाराचं म्हणणं पडलं की ही सरकारची रॉकेलची काटकसर आहे, लोक लवकर उठतील, लवकर निजतील, दिवा लागणार नाही. त्यावर कुणी विचारलं, की आमच्या घरी दिवा आधी कधी लागत होता. शालिग्राम म्हणाला, हुकूम दिवेवाल्यांसाठीच आहे, पण बाकीच्यांनी पाळायचा आहे. नानाजी मास्तरांनी कनवटीचं घड्याळ काढून काटा फिरवून दाखवला. सूर्य तिथंच, काटा फक्त पुढं, असं ते सांगत होते. लोक सूर्याकडे पाहत, काट्याकडे पाहत, आणि मास्तरांकडे पाहून मान हलवत. समजलं कुणालाच नाही. शेवटी मास्तरही म्हणाले, की थांबा, मी घरी जाऊन एकदा कागदावर मांडून पाहतो.

तुळसाबाईला एकच चिंता. ती पुंजाजीला म्हणाली, "मंग माह्या जिंदगीतला एक तास सरकारनं नेला म्हना ना. देईल कधी वापस?"

"लढाई सरल्यावर," पुंजाजी म्हणाला. त्यालाही काही माहीत नव्हतं, पण कोतवालानं उत्तर द्यावं लागतं.

तांड्यावरचा किसनसिंग बैल घेऊन चालला होता, तो थांबून ऐकत होता. जाता जाता म्हणाला, "आमच्या बैलाईले कोन सांगल? तुमीच या सांगाले."

हसणं झालं, लोक पांगले. गाडी नव्या टाइमानं येऊ लागली, तहसील नव्या टाइमानं उघडू लागली, आणि मीही नव्या टाइमानं वाजू लागले. सकाळी अंधुक असतानाच पहिला टोला. दुपारचा टोला सूर्य डोक्यावर यायच्या आधी. सांजचा टोला मात्र पूर्वीसारखाच, दिवस मावळताना. पुंजाजीनं एकदा विचारलं होतं, तर जगदेव पाटील म्हणाला की ढोरं काय घड्याळ पाहून घरी येतात काय, सांजचं राहू दे दिवसाच्या मानानं. बोलणं सरळ वाटलं. पुंजाजीला पटलं, मलाही पटलं. मी सकाळी सरकारची होते, संध्याकाळी सूर्याची. मधल्या दिवसाचं काय झालं, हा विचार लोखंडाच्या डोक्यात कुठून येणार?

तो आला गोजराबाईच्या डोक्यात. तोही अर्धामुर्धाच.

गोजराबाई पाटलाच्या गावालगतच्या वावरात निंदणाला जायची, सोबत तिची सून पंचफुला. गोजराचा मुलगा वाशीमला कापसाच्या जिनात कामाला, आणि पंचफुलाचं लेकरू तीन-चार महिन्यांचं. ते घरी गोजराच्या म्हाताऱ्या सासूपाशी, हिरीबाईपाशी असे. दुपारच्या सुटीत हिरीबाई त्याला कडेवर घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आणी, पंचफुला त्याला पाजी, आणि हिरीबाई परत घेऊन जाई. तिथून सांजच्या टोल्यापर्यंत त्या लेकराला आई दिसायची नाही. पूर्वी ते तेवढा वेळ काढत असे. आता रोज माझा टोला पडायच्या बऱ्याच आधी त्याचं रडणं चावडीपर्यंत यायला लागलं. आधी मोठं रडे, मग बारीक, मग नुसतं कण्हणं. हिरीबाई त्याच्या तोंडात गुळाच्या पाण्यात भिजवलेला बोळा देई, तो ते थुंकून टाकी. लेकरू सुकत चाललं. हाताची कातडी लोंबायला लागली.

गावातल्या बायांनी कारणं शोधली. कुणी म्हणे दृष्ट, कुणी म्हणे आईचं दूध जड.  पंचफुलाचं दूध जड नव्हतं. वाहून जात होतं. दिवस कलला की निंदता निंदता तिची चोळी भिजायची, ती पदर ओढून घ्यायची आणि खाली मान घालून पात काढायची. बाया ओळीनं बसून तणाचा जो पट्टा साफ करत नेतात त्याला पात म्हणतात. गोजराबाई म्हणू लागली, की पूर्वी दुपारून तिसरी पात सरली की टोला पडायचा, आता चौथी अर्ध्याच्या वर जाते. बाकीच्या म्हणाल्या, तण जास्त आहे. कुणी म्हणालं, आपणच म्हाताऱ्या झालो. गोजरालाही खात्री नव्हती. तिनं मास्तरांना विचारलं, तर त्यांनी कागद काढला आणि ते पुढचं-मागचं सांगताना स्वतःच अडकले. ती शालिग्रामकडे गेली, तर तो म्हणाला घड्याळ पुढं गेलं म्हणजे दिवस कमी झाला, तुमची उलट मजाच आहे.

ती निंबाखालून जाताना माझ्याकडे पाहून थांबली. मला वाटलं, आता ही मला विचारणार. मला तरी काय ठाऊक होतं? मला मारतात तेव्हा मी वाजते.

दुसऱ्या दिवशी दिवस चांगला वर असताना ती वावरातून तडक चालत आली. लुगड्याचा काचा मारलेला, हात मातीचे. पुंजाजी चावडीच्या पायरीवर तंबाखू मळत होता. त्याला काही कळायच्या आत तिनं खिळा उचलला आणि मला बडवलं. तसं मला कुणी बडवलं नव्हतं. पुंजाजी मारतो तो नोकरीचा टोला असतो. हा तसा नव्हता. वावरातल्या बाया उठल्या, खुरपी कमरेला खोचली, आणि पंचफुला पळत सुटली ती धुरा, नाला, गल्ली कशाकडे न पाहता. थोड्या वेळानं रडणं थांबलं. गावात एकदम एवढं शांत झालं की मला माझीच थरथर ऐकू आली.

जगदेव पाटील धावत आला. सरकारी घंटा वाजवली, हा गुन्हा आहे, असं तो म्हणाला. गोजराबाईनं खिळा खाली ठेवला नाही. म्हणाली, "गुन्हा असंल तं असंल. लिवून दे वरती."

त्यानं खरंच कळवलं. सगळ्या बायांची त्या दिवसाची जवारी बुडाली, ती वेगळी. गावात दोन तट पडले. बायाच म्हणू लागल्या, हिनं आपल्या सुनेपायी आम्हाला गोत्यात आणलं. कुणी म्हणे आता हिला वाशीमला नेऊन कोठडीत बसवतील, लढाईच्या दिवसांत कायदा कडक असतो. तुळसाबाई म्हणाली, लेकरू पाजणं कुठल्या कायद्यात बसत नाही ते एकदा कळू द्या.  गोजराबाईनं पंचफुलाला वावरात जाऊ दिलं नाही, आणि घरात जवारी किती आहे ते मडक्यात हात घालून पाहताना ती दिसे, असं पुंजाजी सांगायचा.

तहसिलीतून नायब साहेब बैलांच्या दमणीत बसून आले. निंबाखाली खाट टाकली. गाव जमलं. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, की बाईनं घंटा किती वाजता मारली?

पाटील म्हणाला पाच वाजता, टोला सहाचा असतो. मास्तर हळूच म्हणाले, पाच जुने, म्हणजे नवे सहा. साहेबांनी स्वतःचं घड्याळ काढलं, पाहिलं, परत ठेवलं. पुंजाजीला विचारलं, तू रोज किती वाजता मारतोस? पुंजाजी म्हणाला, पाटील सांगतील तेव्हा. मग सकाळचा टोला? नव्या टाइमानं. दुपारचा? नव्या. आणि सांजचा?

पुंजाजी पाटलाकडे पाहू लागला. सगळं गाव पाहू लागलं. साहेब बराच वेळ बोटांवर काहीतरी करत बसले. हुकूम नव्या टाइमाचा होता. नव्या टाइमानं पाहिलं तर गोजराबाईची घंटा बरोबर सहाला वाजली होती, आणि महिनाभर रोज एक तास उशिरा वाजत होती ती पाटलाची. बाईला शिक्षा द्यावी तर पाटलालाही द्यावी लागली असती.

साहेब घाम पुसत म्हणाले, "पण बाई, तुला कसं कळलं सहा वाजले?"

"मले नाई कळलं, सायेब. मले तुमचं नवं-जुनं काईच कळत नाई." गोजराबाईनं पंचफुलाचा हात धरून तिला पुढं ओढलं. "हिची चोळी भिजली, तवा मी वाजवली."

 पंचफुला मान खाली घालून उभी होती, लेकरू तिच्या खांद्यावर झोपलं होतं. साहेबांनी कागद मिटला. निकाल असा दिला, की बाईनं पुन्हा सरकारी वस्तूला हात लावू नये, आणि घंटेमुळे गावात तंटा होतो म्हणून घंटा उतरवून ठेवावी. गुन्हा ना पाटलाचा, ना बाईचा. शेवटी तो माझा निघाला.

पुंजाजीनं तार कापली. तेव्हापासून मी चावडीच्या मागच्या खोलीत आहे. बाजूला मोडका नांगर, फुटकी कंदिलाची काच आणि उंदीर. लढाई सरली, तेव्हा पुंजाजीनं नुसत्या तोंडानं दवंडी दिली की घड्याळं परत मागं. तुळसाबाईनं विचारलंच, की माहा तास आला का. पुंजाजी पुढच्या गल्लीत दवंडी द्यायला निघून गेला.

मला मात्र कुणी परत टांगलं नाही. भिंतीच्या भोकातून मला गावालगतचं वावर दिसतं. दिवस कलला की त्यातली एक बाई उठते. जिच्या घरी अंगावर पिणारं लेकरू असतं ती. तिच्यामागून बाकीच्या उठतात. पाटील धुऱ्यावरून ओरडतो, पण किती वाजले हे तोही खात्रीनं सांगू शकत नाही, म्हणून त्याचं ओरडणं लवकर संपतं. पंचफुलाचं पोरगं आता ढेकळं फेकत धुऱ्यावर पळतं. माझ्यावाचून सगळं चाललं आहे. मला याचं बरं वाटावं की वाईट, ते अजून ठरत नाही.

मला पुन्हा टांगायचं तुमच्या मनात असेल तर टांगा बाबांनो, गंजून मरण्यापेक्षा ते बरं. पण खिळा कुणाच्या हाती द्यायचा ते आधी बायांना विचारून घ्या. आणि आत्ता किती वाजले, ते मला विचारू नका.