कच्च्या बरणीची बाबागाडी

मी एक जुनी बाबागाडी आहे. हसू नका, मित्रांनो! चार मोठी चाकं, वर दुमडणारं छत आणि खाली मऊ स्प्रिंगा, असा माझा थाट होता. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने प्रत्येक स्प्रिंग हाताने दाबून पाहिली होती. खड्ड्यातून गेलं तरी झोपलेलं मूल जागं होता कामा नये, असा त्याचा हट्ट होता.

एका कुंभाराने मला घरी नेलं. त्याची लेक माझ्यात बसून अख्खी गल्ली फिरली. येणारेजाणारे तिचे गाल ओढत आणि माझंही कौतुक करत. मी अगदी हवेत होते. मग लेक चालू लागली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्यात जुन्या उशा, बंद पडलेला पंखा, जे कुणाला नको ते येऊन पडलं. कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहीना. मला फार वाईट वाटे.

वर्षं गेली. लेक स्वतः भांडी घडवू लागली आणि कुंभाराचे हात थरथरू लागले. एकदा कच्च्या भांड्यांनी भरलेली फळीच त्याच्या हातून पडली. कच्चं भांडं म्हणजे नुसती वाळलेली माती. भट्टीत भाजेपर्यंत त्याच्यात ताकद नसते; काठाला धरून उचललं तर काठच हातात येतो. फळीवरचं एकही भांडं वाचलं नाही. त्या दिवसापासून तो कामाच्या खोलीत पाऊल टाकेना. त्याने घडवलेली शेवटची मोठी बरणी तिथे कच्चीच राहिली. भट्टी होती उताराच्या खाली, पलीकडच्या गल्लीत.

"राहू दे ती. वाटेतच फुटायची," असं म्हणून तो विषय संपवायचा. पण जाता-येता दारातून तिच्याकडे बघायचा, हे लेकीने पाहिलं होतं.

एका सकाळी तिने मला खाली उतरवलं, चाकांना तेल घातलं आणि आत जाड स्पंज अंथरला. बरणी तळाशी धरून तिने अलगद माझ्यात बसवली. भोवती उशा लावल्या, पण सैलसर. कच्च्या भांड्याला दाबलेलंही सोसत नाही.

"बाबा, चला."

"मी कशाला? माझ्या हातांचा काय भरवसा?"

"उतारावर मी बरणी धरणार. मग गाडी कोण धरणार?"

तो कुरकुरत निघाला. कोपऱ्यावर शेजारच्या काकू छताखाली डोकावल्या.

"अगंबाई! हे बाळ कुणावर गेलंय?"

"माझ्या बाबांवर. पोट बघा ना!" लेक म्हणाली. कुंभारालाही हसू आलं.

मग उतार आला. लेकीने वाकून दोन्ही तळवे बरणीला लावले. कुंभाराने माझा दांडा धरला आणि त्याच्या हातांची थरथर माझ्या अंगात उतरली. मी मनातून घाबरले. इतक्यात पुढचं चाक दगडावर चढलं.

"बाबा, सोडू नका!"

"सोडतोय कशाला? तू बरणीकडे बघ."

माझ्या गंजक्या स्प्रिंगा करकरल्या, पण तो धक्का आणि ती थरथर त्यांनी पोटात घातली. बरणी जागची हलली नाही.

भट्टीवाल्याने ती उतरवून घेतली, तेव्हा तिच्या काठाचा कपचाही उडाला नव्हता. मी रिकामी झाले, तरी कुंभार दांडा धरूनच उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते.

बरणी भाजून लालबुंद बाहेर आली. कुंभाराने तिला टिचकी मारली, कान देऊन तो खणखणीत आवाज ऐकला आणि लेकीला म्हणाला, "तू केलेल्या वाट्या वाळल्या असतील ना? काढ गाडी."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ झटका, त्यांना तेलपाणी करा, हे तर मी सांगणारच. पण आम्हाला नुसतं जपून ठेवू नका, कामालाही लावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचंही तसंच आहे. कुंभाराने हे तुम्हाला जास्त चांगलं सांगितलं असतं, पण आत्ता त्याला वेळ नाही. आम्हाला भट्टीवर जायचंय.